आईच्या ताटातला वारसा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरात कोणाला मधुमेह निघाला की आपण म्हणतो, "घराण्यातच आहे." हे अर्धेच खरे. जनुके घराण्यातून येतात. पण त्यांतले कोणते जागे राहावे अन् कोणते निजावे, हे ठरविणाऱ्या खुणा त्यांच्यावर असतात आणि आहाराने त्या बदलतात. या खुणांचे शास्त्र म्हणजे एपिजेनेटिक्स. अशा हजारो खुणा वा रक्तातील द्रव्ये एकदम मोजणाऱ्या नव्या विद्यांना 'ओमिक्स' म्हणतात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. बाळे वजनाने हलकी, तरी अंगात चरबी अधिक! निम्म्याहून जास्त आयांत बी-१२ जीवनसत्त्व कमी. त्यांत फोलेट अधिक व बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा असर कमी आढळला. मधुमेहाची वाट ती हीच. पुढे हैदराबादच्या सी. सी. एम. बी. संस्थेबरोबरच्या कामात बी-१२ दिल्याने मधुमेहाशी संबंधित काही जनुकांवरील खुणा बदलल्याचे दिसले. एवढ्याने रोग टळतोच असे नव्हे. पण वाट सापडली आहे.

बी-१२ दूध, दही, अंडी, मांसमासळीत असते, भाकर-वरणात नसते. आणि आपल्या घरी सून शेवटी जेवते, तेव्हा दह्याचे भांडे रिकामे असते! फोलिकच्या गोळ्या सोडू नका. बी-१२ विषयी डॉक्टरांना विचारा. आणि गरोदर सुनेचे, वयात येणाऱ्या लेकीचे ताट आधी वाढा. नातवंडांची तब्येत त्याच ताटात आहे.