किरणोपचार आणि आपलीं फुप्फुसें



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं आजाराचा विषय काढतों, याबद्दल क्षमा असावी. परंतु आपल्या ढाणकीसारख्या गांवाहून कर्करोगाच्या उपचारासाठीं नागपुरास अथवा मुंबईस जाणारीं माणसें आपण पाहतों. तीं घरीं परतल्यावर काय जपावें, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. मलाही तें ठाऊक नव्हतें. त्या अज्ञानाचें मोल माझ्या थोरल्या बहिणीनें भरलें.

किरणोपचार आपल्याकडे नवा नाहीं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढें टाटांच्याच विश्वस्त निधींतून परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेव्हांपासून आजवर किरणांचा नेम पुष्कळच सुधारला आहे. तथापि स्तन, अन्ननलिका किंवा फुप्फुस यांवर किरण सोडतांना निरोगी फुप्फुसाचा कांहीं भाग वाटेंत येतोच. म्हणून डॉक्टर आधीं सी. टी. स्कॅन काढून किरणांची वाट आंखतात. किरणांची मात्रा ग्रे या मापानें मोजतात. फुप्फुसाच्या कर्करोगांत २० ग्रे अथवा अधिक मात्रा दोन्ही फुप्फुसांच्या सुमारें एकतृतीयांशाहून अधिक भागास मिळूं नये, अशी त्यांची खटपट असते.

माझ्या बहिणीचा रोग डाव्या स्तनाचा. तिला दीर्घ श्वास घेऊन सुमारें २० सेकंद रोखून धरावयास शिकविलें होतें. छाती हवेनें भरली म्हणजे हृदय किरणांच्या वाटेंतून दूर सरतें, आणि फुगलेल्या फुप्फुसाचा थोडाच हिस्सा त्या वाटेंत सांपडतो. ती ओट्यावर बसून सराव करी व नातू मोठ्यानें आंकडे मोजी. यंत्राखालीं तिनें ही शिस्त चोख पाळली. चूक झाली ती पुढें, आणि ती आमची.

वैशाखांत ती घरीं आली. उपचार संपला म्हणजे धोका संपला, असें आम्हीं धरून चाललों. आषाढांत कोरडा खोकला लागला. पावसाळी खोकला समजून अडुळशाचा काढा व हळदीचें दूध असे तीन आठवडे घालविले. मग तीन पायऱ्या चढतांना धाप लागूं लागली. छातीच्या फोटोंतील सावली पाहून कोणास क्षयाची शंका आली. अखेर उपचाराचे कागद दाखविले, तेव्हां कळलें कीं सावली किरणांच्या वाटेपुरतीच आहे.

ही फुप्फुसाची सूज होती. ती बहुधा उपचार संपल्यावर एक ते सहा महिन्यांत दिसते: कोरडा खोकला, धाप, क्वचित् बारीक ताप. वेळीं ओळखल्यास स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं ती बहुधा ओसरते. परंतु गोळ्यांची मात्रा कित्येक आठवडे हळूहळू उतरवावी लागते. आठ दिवसांत बरें वाटलें म्हणून आम्हीं त्या आपल्याच मतानें बंद केल्या, आणि खोकला उलटला! कांहीं महिन्यांनीं फुप्फुसांत जो व्रण पडून कठीणपणा येतो, तो मात्र भरून येत नाहीं.

हें ऐकून कोणीं किरणोपचारच टाळूं नये. पुष्कळ रुग्णांस हा त्रास होतच नाहीं, आणि उपचार अर्धवट सोडणें हा त्याहून मोठा घात आहे. मुंबईस राहण्याची अडचण असेल तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठीं आहे. आपल्या वऱ्हाडच्याच त्या सत्पुरुषाचें नांव तेथें ऐकून परकेपणा निम्मा सरतो.

विडी मात्र पहिल्या दिवसापासून सुटली पाहिजे. ती उपचाराचा गुण कमी करते व फुप्फुसाची शिल्लक शक्ति खाते. घरच्या पुरुषांनींही रुग्णाजवळ ओढूं नये. हें सांगतांना कांहीं माना खालीं जातात, तें मला दिसतें. पूर्वीं दमा किंवा क्षय झाला असल्यास तो डॉक्टरांपासून लपवूं नये. कोणता भाग, किती मात्रा, कोणत्या तारखा, हे कागद जपावे, आणि खोकला लागतांच कोणत्याही डॉक्टरांपुढें तेच आधीं ठेवावे.

माझी बहीण आतां सावकाश चालते, पायऱ्यांवर मध्येंच थांबते. तिचे कागद दाराजवळच्या खुंटीस कापडी पिशवींत टांगलेले असतात, आणि नातवास सांगून ठेवलें आहे कीं घाईंत दुसरें कांहींही राहिलें तरी चालेल, ती पिशवी तेवढी राहतां कामा नये.