बाजारातील घंटा
न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात १८७१ साली अखंड व्यवहार सुरू झाले, आणि त्यांचा आरंभ व अखेर सर्वांना एकाच क्षणी कळणे अगत्याचे ठरले. प्रारंभी तेथे चिनी थाळीवर टोल देत. १९०३ मध्ये बाजार नव्या वास्तूत गेला, तेव्हा पितळी घंटा आली. धनाढ्य पेढीवाला असो वा किरकोळ दलाल, घंटेपूर्वी त्या दालनात कोणालाच सौदा करता येत नसे. आज यंत्रे क्षणाच्या सूक्ष्म अंशात सौदे उरकतात, आणि सकाळी साडेनऊला व दुपारी चारला घंटा वाजविण्याचा मान पाहुण्यांना मिळतो. नाद समारंभापुरता उरला, तरी त्यामागील समान संधीचे तत्त्व समारंभापुरते उरू नये. बाजाराची खरी पत त्यातच आहे.