कशावरून? : तर्कप्रश्नांचा सराव आणि आपल्या शाळा



स्पर्धा परीक्षांतील तर्कप्रश्नांचा सराव मुलांकडून कसा करून घ्यावा, या विषयावर मी बोलावे अशी आपली अपेक्षा आहे. आरंभी एक प्रश्नच आपल्यापुढे ठेवतो. ‘सर्व आंबे फळे आहेत. काही फळे आंबट असतात. म्हणून काही आंबे आंबट असतात.’ हे अनुमान बरोबर की चूक? आठवीच्या वर्गात मी हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे. बहुतेक हात ‘बरोबर’ म्हणून वर होतात आणि कोणी तरी सांगतो, “गुरुजी, कैरी आंबट असतेच की!” मुलाचे म्हणणे खोटे नाही. कैरी आंबट असते, हे त्याच्या जिभेला ठाऊक आहे. परंतु ते त्या दोन विधानांवरून ठरत नाही. आंब्याच्या जागी केळे घालून पाहा. पहिली दोन विधाने तशीच खरी राहतात आणि तिसरे कोसळते.

एखादी गोष्ट खरी असणे निराळे आणि ती समोर मांडलेल्या विधानांवरून निष्पन्न होणे निराळे. तर्कप्रश्नांचा सारा सराव या एका भेदाचा सराव आहे, असे माझे मत झाले आहे. आपल्या न्यायशास्त्रानेही ‘पर्वतावर अग्नी आहे’ एवढ्यावर कधी समाधान मानले नाही. धुराचा हेतू आणि स्वयंपाकघराचे उदाहरण त्याने मागितलेच. आपल्या बोलीत त्यासाठी एक नेटका शब्द आहे : ‘कशावरून?’

लातूरचे नाव निघाले की ‘लातूर पॅटर्न’चा उल्लेख होतो. दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत जादा तासिका, सतत सराव परीक्षा आणि चुकांची तपासणी या मार्गाने या शहराने गुणवत्ता यादीत जे स्थान मिळविले, ते सर्वांना माहीत आहे. पुढे नांदेडमध्येही वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचे मोठे केंद्र उभे राहिले. काही जण म्हणतात की, ‘नीट’ परीक्षेत तर्कशास्त्राचा स्वतंत्र विभागच नाही, मग आमच्या मुलांना त्याचा उपयोग काय? त्यांनी त्या परीक्षेतील ‘विधान आणि कारण’ या प्रकारचे प्रश्न पाहावेत. विधान खरे असते, कारण म्हणून दिलेले वाक्यही खरे असते. पण ते त्या विधानाचे कारण नसते. तो पर्याय ओळखताना पाठांतर फार दूर नेत नाही. कैरीचा प्रश्नच तेथे जीवशास्त्राचा पोशाख घालून उभा असतो.

तथापि मला आज त्या मोठ्या परीक्षांपेक्षा लहान परीक्षांविषयी अधिक बोलावयाचे आहे, कारण खेड्यातील मुलाची वाट तेथेच रुंद होते किंवा अडते. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात. त्यांपैकी ४० मानसिक क्षमतेचे असून एकूण १०० गुणांपैकी ५० गुण त्यांना आहेत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील ७५ पैकी ५० प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे असतात. आठवीतील आर्थिक दुर्बल घटकांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत मानसिक क्षमतेचे ९० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. यशस्वी विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मजुरी करणाऱ्या घरात एवढ्या रकमेवर मुलीचे शिक्षण दहावीनंतर चालू राहते की थांबते, हे ठरू शकते. आणि तेथे हुशार मुले मागे पडतात ती बहुधा बुद्धी कमी म्हणून नव्हे. असा प्रश्न त्यांनी त्या दिवसापूर्वी कधी पाहिलेलाच नसतो, म्हणून.

मग पाहावयास काय लागते? नवोदयच्या मानसिक क्षमतेचे प्रश्न सगळे आकृत्यांचे आहेत. तेथे भाषेचा अडसर नाही. रद्दी वर्तमानपत्राचा चौकोन दोनदा घडी घालून त्याला एक भोक पाडावे आणि उलगडण्यापूर्वी विचारावे : भोके किती आणि कोठे? मुले चार म्हणतील. त्यांच्या जागा मात्र चुकतील. मग कागद उलगडावा. दहा घड्यांनंतर मुलाला कागद लागत नाही, तो मनातच उलगडतो. आरशातील प्रतिमेसाठी घरचा आरसा आणि पाण्यातील प्रतिमेसाठी परातभर पाणी पुरते. आरशासमोरच्या आकृतीत डावे-उजवे बदलते, पाण्याकाठच्या आकृतीत वर-खाली बदलते. हा नियम फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मुलांना शोधू द्यावा.

दिशांच्या प्रश्नांत तर आपली मुले शहरातील मुलांपेक्षा पुढे असावयास हवीत. ‘सूर्योदयाच्या वेळी चालताना माझी सावली डाव्या हाताला पडते, तर माझे तोंड कोणीकडे?’ शेतावर जाणारे पोर उभे राहून, हात पसरून सांगते : सावली पश्चिमेला, म्हणून तोंड उत्तरेला. वहीत मात्र तेच पोर अडखळते, कारण तेथे आपण त्याला उभे राहू देत नाही. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार नेण्याचे जुने कोडे गोदाकाठच्या मुलांना सांगावे लागू नये. नावेत एका वेळी एकच न्यावयाचे. वाघ-शेळी किंवा शेळी-गवत एकटे राहता कामा नये. सात फेऱ्यांत ते सुटते, पण मध्ये एकदा पलीकडे नेलेली शेळी परत आणावी लागते. मुले नेमकी तेथेच थांबतात. साधलेले काम उलटे करणे त्यांच्या मनाला पटत नाही.

भाषेच्या प्रश्नांत शिक्षकाने अधिक सावध असावे. ‘सर्व विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय? एकही आला नाही, की काही आले नि काही राहिले? आपल्या बोलण्यात दोन्ही अर्थ चालतात. तर्कप्रश्नात एकच चालतो. ‘काही’ म्हणजे व्यवहारात ‘सगळे नव्हेत’. तर्कात ‘निदान एक तरी’, आणि प्रसंगी सगळेही. हे दोन शब्द समजावण्यात मी एक पूर्ण आठवडा घालवीन, आकडेमालिकेत नंतर शिरेन.

नात्यांच्या प्रश्नांत मराठी आपल्याला उदारपणे साहाय्य करते. इंग्रजीत एकाच शब्दाखाली दडलेले काका आणि मामा आपल्याकडे वेगळे उभे असतात. सुनीलची आई ही अनिताच्या वडिलांची सख्खी बहीण. तर अनिताचे वडील सुनीलचे कोण? मामा. पण मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात आहे, त्यामुळे वर्गातील एखादी मुलगी म्हणेल, “सासरेही असतील.” हसून सोडून देऊ नका. तिला विचारा, कशावरून? लग्न झाल्याचे प्रश्नात कोठे लिहिले आहे? येथेही तोच भेद येतो : असू शकते आणि दिलेल्यावरून ठरते, यांतील.

एक कबुली दिली पाहिजे. शिष्यवृत्तीच्या वर्गात मी अनेक वर्षे युक्त्या शिकविल्या. ‘पर्यायांत असे दिसले की हे उत्तर टाकावे’, अशा त्या युक्त्या. मुले त्या वर्षी उत्तीर्ण होत. पुढील वर्षी प्रश्नाचा साचा बदलला की त्याच युक्त्या त्यांना फसवीत. नंतर मी पद्धत बदलली. रोज तीनच प्रश्न, आणि उत्तर सांगणाऱ्याने कारण मोठ्याने सांगावयाचे. उत्तर बरोबर आणि कारण चूक असेल तर गुण नाही. वर नमूद केलेल्या तिन्ही लहान परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून परीक्षेच्या दिवशी एकही प्रश्न कोरा ठेवू नये, हे मुलांना जरूर सांगावे. सरावात मात्र अंदाजाला थारा नसावा. घड्याळ शेवटच्या दोन महिन्यांत आणावे, तत्पूर्वी नाही.

पंचायत सदस्यांना माझी विनंती निराळी आहे. आठवीची ही शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा डिसेंबरात येते आणि आपल्या डोंगराळ तालुक्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुलगा फडावर आणि त्याचे प्रवेशपत्र शाळेत, असे घडू नये. अर्ज भरलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावी. त्यांचे आजी-आजोबा गावी असतील तेथे, नसतील तर हंगामी वसतिगृहात त्यांची सोय होते की नाही, हे ग्रामसभेत विचारावे. गावातील सेवा केंद्राच्या संगणकावरून जुन्या प्रश्नपत्रिका छापून समाजमंदिरात ठेवण्यास खर्चही मोठा नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक. परीक्षा झाल्यावर राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते आणि तीवर आक्षेप मागविते. ती सूची घेऊन मुलांसमवेत बसावे. एखाद्या उत्तराविषयी मतभेद झाला तर परिषदेचे उत्तर कशावरून आणि आपले कशावरून, हे दोन स्तंभांत लिहावे. आपली बाजू टिकत असेल तर मुदतीत आक्षेप पाठवावा आणि अंतिम सूची आली म्हणजे ती त्याच मुलांना दाखवावी.