केस गळू लागतात तेव्हा



बडोद्यास दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक बाई राहत असत. हळदीकुंकवास त्या कधी चुकल्या नव्हत्या. परंतु एका वर्षी संक्रांतीस त्या आल्या नाहीत, आणि चैत्रगौरीसही आल्या नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला होता. ताप उतरला, अंगात शक्ती आली, आणि दिवाळीच्या सुमारास केस मूठ-मूठ हातात येऊ लागले. न्हाणीघरात पडलेले केस गोळा करून त्या कागदाच्या पुडीत बांधीत आणि फडताळात लपवीत. कारण सासूबाईंच्या दृष्टीस ते पडू नयेत!

केसांसाठी एवढी लाज का, असे कोणी म्हणेल. ज्या समाजाने विधवेचे मस्तक मुंडून तिला अमंगल ठरविले, त्या समाजातील स्त्रीला विरळ झालेला भांग ही केवळ रूपाची बाब वाटत नाही, यात नवल कसले? ती रूढी गेली. तिची सावली मात्र अजून आरशात पडते. म्हणून 'केसांचे काय घेऊन बसलीस' हे वाक्य मला निष्ठुर वाटते.

आता त्या बाईंच्या दुखण्याचे इंगित पाहू. आपल्या मस्तकावर सुमारे 1 लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, नंतर सुमारे 3 महिने विसावतो आणि गळतो. त्यामुळे निरोगी स्त्रीचेही रोज 50 ते 100 केस जातातच. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार यांचा धक्का बसला की पुष्कळसे केस एकदमच विसाव्यास जातात, आणि गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. तोवर आजार विस्मृतीत गेलेला असतो. मग दोष जातो नव्या तेलाला, नाही तर नव्या गावच्या पाण्याला! 2020-21 मधील कोरोनाच्या साथीनंतर कितीतरी घरांतून हाच अनुभव आला. ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. केस मात्र महिन्यास जेमतेम अर्धा इंच वाढतात, तेव्हा कमरेपर्यंतच्या वेणीला वर्षे लागणारच.

भांग हळूहळू रुंद होत जाणे हा प्रकार निराळा. कपाळाजवळची रेषा तशीच राहते आणि माथा विरळ होतो. ही प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते, आणि ती पित्याच्या घराण्याकडूनही येते. यावर मिनॉक्सिडिल नावाचे औषध माथ्यास लावतात. मुळात ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचा हा दुसरा गुण कळला. आरंभी काही आठवडे गळती वाढलेली दिसते, गुण येण्यास चार-सहा महिने लागतात, आणि औषध सोडले की मिळालेले केसही जातात. गर्भारपणी ते वर्ज्य आहे. वैद्यकीय सल्ल्यावाचून ते कोणी आणू नये.

अगोदर रक्त तपासावे, हे मी आग्रहाने सांगेन. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला. सर्वांना वाढून झाल्यावर तळाशी उरेल ते खाणारी गृहिणी केसांसाठी महागडे तेल आणते, आणि जेवणावर लगेच चहा घेते. तो चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. जेवणात लिंबू-आवळा असावा, चहा तास-दीड तासाने घ्यावा. लोहाबरोबर थायरॉईडचीही तपासणी करवावी. तेलाने केस मऊ राहतात, कमी तुटतात. परंतु त्याने टकलावर केस उगवतात हे जाहिरातीतच खरे असते.

वाटोळे चट्टे पडतात त्याला आपण चाई म्हणतो. केसांना कीड लागली, असे समजून त्या मुलीचा कंगवा वेगळा ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. ते अगदी अनाठायी आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. हा रोग एकीचा दुसरीस लागत नाही. आणि ओढून घातलेला अंबाडा किंवा जड गंगावन यांनी कानशिलांवरचे केस जातात, ते मात्र आपल्याच हाताने.

कर्करोगावरील काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांत सर्वच केस जातात. अशा वेळी आधीच ते आखूड कापून घेतले तर उशीवर झुबके पाहण्याचे दुःख थोडे हलके होते. उपचार संपल्यावर बहुतेकींचे केस परत येतात. तोवर टोप घालावा, रुमाल बांधावा, किंवा काहीच करू नये. ते जिचे तिने ठरवावे.

त्या शेजारच्या बाईंची पुडी अखेर सासूबाईंना सापडलीच. त्यांनी ती उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "माझे थोरल्याच्या वेळी असेच गेले होते गं. मी त्या उशीच्या अभ्ऱ्यात लपवीत असे."