सुईची लाज कशाला?

(आमच्या गावच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या मुलीच्या गळ्यात आपण हार घातला, ती आपल्याच शिंपीआळीतली. सरकारी वैद्यकीय कॉलेजात तिचे शिक्षण चालू आहे. तिच्या अंगावरचा पोशाख आपण पाहिलाच. तो तिनेच बेतला व तिनेच शिवला. मघाशी मागे कोणी तरी कुजबुजले, "डॉक्टरीण व्हायला निघाली, पण शिंपीकाम काही सुटले नाही!" या बोलण्यासच आम्ही आज उत्तर देणार आहो, कारण तोच दोष एकदा आमच्या हातूनही घडला आहे.

ही मुलगी सातवीत असताना आम्ही तिच्या वडिलांस बजावले होते, "दादा, पोरीला मशीनवर बसवू नका. सुई सुटेल तेव्हाच पुस्तक हाती येईल." वडिलांनी मान डोलविली, पोरीने मात्र आमचे ऐकले नाही. बरे झाले, ऐकले नाही.

वसतिगृह, खाणावळ आणि जाडजूड पुस्तके यांतच बापाची कमाई संपते. त्यात पहिल्या वर्षी प्रेत चिरून शरीराची रचना शिकावी लागते. तेथल्या औषधाचा उग्र वास पांढऱ्या कोटात असा मुरतो की, एका कोटावर भागत नाही. हिने कापड आणून सुट्टीत दुसरा कोट घरीच शिवला. स्टेथोस्कोप पडू नये म्हणून खिसे खोल ठेवले. कुडतेही सारे हातचेच. आरंभी एका सोबतिणीने गळा वाकडा आला म्हणून हसे केले. हिने रात्री तो उसवला आणि सकाळी सरळ करून घातला. ज्याला उसवता येते तो चुकीला भीत नाही. हे शिंप्याच्या घरचे शिक्षण होय.

सदऱ्याची शिवण आणि जखमेची शिवण एकच, असे आम्ही म्हणत नाही. फरक तिनेच आम्हांस समजाविला. जखमेची सुई वाकडी असते, ती चिमट्यात धरावयाची. बहुधा प्रत्येक टाका निराळा घालून त्याची गाठ निराळी मारतात, म्हणजे एक सुटला तरी बाकीचे धरून राहतात. शिंपी कापडाची कड आत दुमडतो. कातडीची कड आत वळली तर जखम नीट सांधत नाही, म्हणून ती किंचित वर उचललेली ठेवतात. दोरा करकचून ओढला तर रक्त पोहोचत नाही आणि कड मरते. तेव्हा घरच्या काही सवयी तिला मोडाव्या लागल्या. पण टाक्यांतले अंतर जोखणारी नजर आणि न थरथरणारा हात, ही शिदोरी घरचीच!

ही गोष्ट नवी नाही. सुश्रुताच्या ग्रंथात शिष्याने शिवण्याचा सराव पातळ व जाड कापडाच्या कडांवर आणि मऊ कातड्यावर करावा, असे सांगितले आहे. फ्रान्सातली हकीकत तर अवश्य ऐका. 1894 साली लिआँ शहरी त्या देशाच्या अध्यक्षांवर सुरीचा वार झाला. पोटातली मोठी रक्तवाहिनी कापली गेली, ती शिवण्याची खात्रीची रीत तेव्हा कोणास ठाऊक नव्हती, आणि अध्यक्ष दगावले. त्याच शहरी आलेक्सी कारेल नावाचा तरुण डॉक्टरी शिकत होता. लिआँ हे रेशमी कापडाचे गाव. तो तेथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे गेला आणि बारीक सुईने रेशमाचे नाजूक टाके घालावयास शिकला. 1902 साली त्याने रक्तवाहिनी जोडण्याची आपली रीत प्रसिद्ध केली: तोंडाशी तीन टाके घालून ताणले की गोल तोंड तिकोनी होते आणि एकेक बाजू सरळ शिवता येते. 1912 साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. कारागीर बाईच्या दारी शिकावयास जाताना त्यास कमीपणा वाटला नाही. मग आपल्याच घरच्या विद्येची आपल्या मुलांस लाज का वाटावी?

आता आईबापांस दोन शब्द. पोर शहरात शिकते म्हणून भारी कपड्यांसाठी कर्ज काढू नका. तो पैसा पुस्तकांस लावा. आणि पोरीस शिवता येते म्हणून सुट्टीत तिच्यापुढे साऱ्या भावकीची कापडे टाकू नका. तिचा वेळ अभ्यासाचा आहे. स्वतःपुरते शिवणे हा स्वावलंबनाचा भाग. घरादाराचे शिवणे हे ओझे. भावांनीही आपली बटणे आपणच लावावीत.

आम्ही आमच्या चुकीची भरपाई करणार आहो. येत्या शनिवारपासून शाळेत तासभर शिवण शिकविली जाईल, मुलग्यांस आणि मुलींस सारखीच. मुलीचे वडील शिकविण्यास कबूल झाले आहेत. पहिल्या रांगेत आम्ही बसणार. कारण आमच्या सदऱ्याचे हे तुटलेले बटण आपण सारे मघापासून पाहतच आहा!