कोर्लईहून लिस्बनला



चौल-रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं, की कोर्लई लागतं. गडाच्या पायथ्याशी आमची ख्रिस्ती वस्ती आणि कार्मेल माउलीचं चर्च. घरात आम्ही बोलतो ती बोली शब्दांनी पोर्तुगीज आणि वळणानं मराठी. आम्ही तिला ‘नौ लिंग’ म्हणतो, म्हणजे आपली बोली. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लईचा गड मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले. त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. तरी एसटीत, कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी आम्हाला अजून विचारतात, “तुम्ही पोर्तुगीज ना?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण या प्रश्नाचं नीट उत्तर मला देता येत नव्हतं. ते मला सापडलं थेट पोर्तुगालच्या राजधानीत.

2023 च्या ऑगस्टमध्ये, 1 ते 6 तारखेला, लिस्बनला जागतिक युवा दिन भरला होता. नाव ‘दिन’ असलं तरी तो आठवडाभराचा मेळा असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1984 मध्ये एक मोठा लाकडी क्रूस तरुणांच्या हाती सोपवला आणि तो जगभर फिरवायला सांगितलं. तिथून ही परंपरा सुरू झाली. दोन-तीन वर्षांनी एखाद्या देशात जगभरचे कॅथलिक तरुण जमतात, शाळांच्या वर्गांत, हॉलमध्ये नाही तर कुणाच्या घरी पथारी पसरतात, सकाळी आपापल्या भाषेत धर्मशिक्षण घेतात आणि शेवटची रात्र उघड्या मैदानावर जागवतात. मुंबई महाधर्मप्रांतातल्या तरुणांबरोबर मीही गेले. घरच्यांनी साठवलेलं आणि नातेवाइकांनी दिलेलं, असं सगळं मिळून तिकीट निघालं.

आमचा मुक्काम होता त्या धर्मग्रामात सकाळी नाश्ता द्यायला तिथल्या आजीबाई यायच्या. एकीला मी माझ्या बोलीत पाणी मागितलं. ती थबकली. शब्द तिच्या ओळखीचे होते, पण क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखं. तिनं मला पुन्हा बोलायला लावलं, मग दुसऱ्या आजीला हाक मारली. माझ्याभोवती घोळकाच जमला. दुभाषी म्हणून एक स्वयंसेवक मुलगा मदतीला आला. हे तुला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईनं, तिला तिच्या आईनं. मग त्यांना वाटलं, प्रार्थनाही आम्ही याच भाषेत करत असू. मी सांगितलं, आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. तेव्हा त्या आजीनं मला मराठीत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला सांगितलं. मी म्हणू लागले आणि ती बरोबरीनं पोर्तुगीजमध्ये पुटपुटू लागली. दोघींचं ‘आमेन’ मात्र एकदमच आलं.

नदीकाठच्या बेलेम भागात एक मोठं दगडी स्मारक आहे, 1960 मध्ये बांधलेलं, समुद्रावर निघालेल्या गलबताच्या आकाराचं. त्यावर वास्को द गामा आहे. हा माणूस 1524 मध्ये व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर प्रथम उतरला तो आपल्या चौललाच. त्याच स्मारकावर संत फ्रान्सिस झेवियरही आहेत. तोफा घेऊन आलेला आणि क्रूस घेऊन आलेला, दोघे एकाच दगडी गलबतावर. मी तिथे बराच वेळ उभी होते. खरं सांगते, मला त्रास झाला. आमच्या किनाऱ्यावर तलवारीचा आणि श्रद्धेचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, तो नाकारून चालणार नाही. मग माझी श्रद्धा नेमकी कोणाकडून आली, असा प्रश्न मनात उठला.

तिथून थोड्याच अंतरावर वास्को द गामाच्याच नावाची बाग आहे. त्या आठवड्यात तिथे पापनिवेदनासाठी दीडशे लाकडी कक्ष मांडले होते. ते पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवले होते. स्वतः पोप फ्रान्सिस तिथे येऊन तिघा तरुणांचं पापनिवेदन ऐकून गेले. कैद्याच्या हातच्या लाकडापाशी गुडघे टेकून मी क्षमा मागितली. स्मारकासमोर उठलेला प्रश्न माझ्यापुरता तिथे सुटला. गडावरची सत्ता 1740 मध्ये गेली, तेव्हा आमच्या पूर्वजांवर कोणाची सक्ती उरली नव्हती. तरी त्यांनी संध्याकाळची प्रार्थना सोडली नाही. जपमाळ हातात धरून बसलेल्या त्या माणसांकडून माझी श्रद्धा मला मिळाली. ती राज्यकर्त्यांची उरलीसुरली वस्तू नव्हे.

5 ऑगस्टच्या रात्री तेजो नदीच्या काठच्या मैदानावर आम्ही सुमारे 15 लाख जण होतो. चौलच्या दत्ताच्या जत्रेत टेकडीवर चढणारी गर्दी मी लहानपणापासून पाहिलेली, तरी असा जनसागर माझ्या कल्पनेत नव्हता. दिवसभर ऊन भाजून काढत होतं. रात्री वेदीवर पवित्र साक्रामेंत ठेवलं आणि एवढी माणसं गुडघे टेकून गप्प झाली. माझ्या शेजारी वेगवेगळ्या देशांचे झेंडे खाली ठेवलेले होते. आमचा तिरंगाही होता.

आता थोडं रोखठोक बोलते. अशा यात्रांना शहरातली, इंग्रजी सराईत बोलणारी मुलं जास्त जातात. गावातल्या मुलांना वेळेवर कळतही नाही आणि कळलं तरी पैसे उभे राहत नाहीत. हे बदलायला हवं. गावागावातून एकेक तरी मुलगा किंवा मुलगी जायला हवी आणि त्याची तयारी धर्मग्रामानं आधीपासून करायला हवी.

पुढचा जागतिक युवा दिन दक्षिण कोरियात, सेऊलला, 3 ते 8 ऑगस्ट 2027 असा आहे. पोप फ्रान्सिस 2025 मध्ये देवाघरी गेले. आता पोप लिओ यांनी तरुणांना तिथे बोलावलं आहे. कोरियातली श्रद्धा मिशनऱ्यांच्या आधी सामान्य माणसांनी रुजवली. ई सुंग-हुन नावाचा तरुण 1784 मध्ये पेकिंगला बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्यानं आपल्या लोकांना बाप्तिस्मा दिला. पुढे कित्येक वर्षं तिथे पुरोहित नव्हता. कोर्लईच्या मुलांनी ती भूमी अवश्य पाहावी.

म्हणून ऐकणाऱ्या सगळ्या तरुण मित्रमैत्रिणींना एकच सांगणं आहे. पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा, महिन्याला जमेल तेवढे पैसे बाजूला टाका आणि येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना भेटून तुमचं नाव द्या.