एका विकराचा अभाव : स्वागताध्यक्षीय भाषण



रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांचा शेजार जेथे कित्येक पिढ्यांचा आहे, त्या मुंबईतील परळच्या परिसरात आपले स्वागत करण्याचा मान मला दिल्याबद्दल मी स्वागतसमितीचा ऋणी आहे. निवासभोजनाची तजवीज यथाशक्ति केलेली आहे. तीत काही न्यून आढळल्यास कार्यवाहांच्या कानी घालावे, म्हणजे तत्काळ बंदोबस्त होईल.

मेंदूचे विकार आणि विकरे हा या परिषदेचा विषय ठरला, तेव्हा बिमलकुमार बच्छावत यांचे स्मरण होणे अपरिहार्य होते. 1925 साली कलकत्त्यात जन्मलेल्या या संशोधकाने अमेरिकेत जीवरसायनशास्त्रज्ञ कून यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत असता, उपासाच्या काळात यकृत जी कीटोनद्रव्ये तयार करून मेंदूला पुरविते त्यांच्या निर्मितीतील एक निर्णायक पायरी ज्याच्या स्वाधीन आहे, ते विकर उजेडात आणले. एवढ्या कीर्तीवर परदेशात सुखाने राहता आले असते; पण ते स्वदेशी परतले आणि जेकब चँडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जो विभाग 1949 साली उभारला होता, त्याच्या सान्निध्यात त्यांनी चेतारसायनाची प्रयोगशाळा नावारूपाला आणली.

तेथल्या कामातील एकच प्रकरण मी आपणांपुढे ठेवतो. मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी या रोगात नुकते चालू लागलेले मूल अडखळू लागते, मग बसेनासे होते, आणि पुढे वाचा व दृष्टीही जाते. अशा मुलाच्या मेंदूचा काप निळ्या रंगात बुडविला असता काही भाग निळा न होता तांबूस दिसतो, कारण मज्जातंतूंच्या मायलिन आवरणात सल्फेटाइड नावाचे स्निग्ध द्रव्य साचलेले असते. ते साचते कशामुळे, हा खरा प्रश्न. जेम्स ऑस्टिन यांच्याबरोबर बच्छावत आणि त्यांच्या वेल्लोरच्या सहकाऱ्यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे उत्तर आले: सल्फेटाइडवरील सल्फेट तोडणारे ॲरिलसल्फेटेज-ए हे विकर या रोग्यांच्या ऊतींत जवळजवळ नसतेच.

हे विकर मोजण्याची रीत आजही विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करून पाहावी अशी आहे. ऊतीचा बर्फावर घोटलेला अर्क आम्ल द्रावणात नायट्रोकॅटेकॉल सल्फेटबरोबर शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात ठेवावयाचा आणि ठरल्या वेळी त्यात अल्क ओतावयाचे. विकराने आपले काम केले असेल, तर परीक्षानळीत लाल रंग उमटतो, आणि रोग्याच्या नळीत तो उमटत नाही. दिसावयास हे सोपे. पण त्याच द्रव्यावर ॲरिलसल्फेटेज-बी हे भावंडही काम करते, म्हणून दोहोंचा हिशेब वेगळा ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते. ज्या शिस्तीने अशी दक्षता घेतली जाते, तिला मी महागड्या यंत्राहून अधिक मोल देतो. रोग्याच्या खाटेपाशी पडलेला प्रश्न त्याच आवारातील प्रयोगशाळेत नेता आला, हीच वेल्लोरची खरी श्रीमंती होती.

उणे पडलेले विकर पेशीच्या आत कसे पोहोचवावे, या विवंचनेतून लायपोसोम या सूक्ष्म स्निग्ध पुटिकांकडे जगातील अनेक संशोधकांचे लक्ष गेले. बच्छावत यांनीही त्यांवर दीर्घकाळ परिश्रम केले, आणि त्यांनी लायपोसोममध्ये बसविलेल्या ॲम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशक औषधाच्या रुग्णांवरील चाचण्या येथल्याच केईएम रुग्णालयात झाल्या. 2021 साली काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला, तेव्हा लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी दारोदार फिरणारे नातेवाईक आपण पाहिले आहेत. त्या दिवसांत या संशोधनाची किंमत कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

आता पुन्हा मूळ रोगाकडे वळू. मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफीवरील जनुकोपचाराला 2020 साली युरोपात आणि 2024 साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि शैशवातील रोगात तो मुख्यतः लक्षणे दिसण्यापूर्वीच दिला तर उपयोगी पडतो. म्हणून थोरल्या मुलाचे निदान झाले की धाकट्या भावंडाची परीक्षा विनाविलंब व्हावयास हवी, कारण आईबाप दोघेही दोषवाहक असता प्रत्येक अपत्याला चारांत एक एवढा धोका असतो. काही निरोगी माणसांतही ॲरिलसल्फेटेज-ए कमी भरते. यास्तव लघवीतील सल्फेटाइड तपासल्यावाचून कोणाच्याही माथी रोगाचा शिक्का मारू नये.

गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आईबापांनी अडखळणारे मूल कडेवर घेऊन निदानासाठी मुंबईपर्यंत का यावे? मुलाऐवजी रक्ताचा नमुना थंड अवस्थेत, वेळेत आणि योग्य कागदपत्रांसह येथे यावा, अशी व्यवस्था जिल्हा रुग्णालयांमार्फत बसविता येईल अशी माझी खात्री आहे. दुपारच्या बैठकीत प्रतिनिधींनी यावर मसलत करून नमुना कोणी घ्यावा, कोणी पोहोचवावा आणि निकालाचा अर्थ कुटुंबाला कोणी समजावून सांगावा, याचा मसुदा सिद्ध करावा, एवढी विनंती करून मी अध्यक्षमहाराजांना परिषदेची सूत्रे स्वीकारण्याची प्रार्थना करतो.